हाडांच्या वॉर्डातला अनोळखी माणूस

आमच्या मेट्रनबाईंना नियम वाचून दाखवावे लागत नसत. ते त्यांच्या अंगात इतके मुरले होते की बाई नुसत्या व्हरांड्यातून चालत गेल्या तरी चार-सहा नियम आमच्या अंगावर सांडून जात. परळच्या एका मोठ्या इस्पितळात मी नर्सिंग शिकायला गेले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी आम्हां नव्या मुलींना होस्टेलच्या जेवणघरात ओळीने उभं केलं. बाई नगरकडच्या ख्रिस्ती. मराठी इतकी स्वच्छ की ऐकताना आपले कान मळलेले आहेत की काय असं वाटावं.

केस कॉलरच्या वर. हातात, कानात, डोक्यात काही नाही. खोबरेल लावा, पण वास येता कामा नये. पेशंटच्या पलंगावर बसायचं नाही. पेशंटकडून काही घ्यायचं नाही, केळंसुद्धा नाही. वॉर्डात धावायचं नाही. आग लागली किंवा रक्त वाहायला लागलं तरच धावायचं. शिक्षण संपेपर्यंत लग्न नाही. मोर्चा नाही, घोषणा नाही, पदराला बिल्ला नाही. बाहेर संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती आणि खिडकीतून घोषणा थेट आत येत होत्या. एका धीट मुलीने विचारलं, "पण बाई, मुंबई आपल्यालाच मिळायला हवी ना?"

"मिळू दे की," बाई म्हणाल्या. "आधी पेशंटचं टेंपरेचर घे."

मग दोन नियम त्यांनी जरा थांबून सांगितले. नात्यातलं कुणी इस्पितळात दाखल झालं तर ताबडतोब कळवायचं, म्हणजे तुम्हाला दुसऱ्या वॉर्डात पाठवता येईल. आपल्या माणसाला सुई टोचताना हात थरथरतो, आणि थरथरणारा हात मला माझ्या वॉर्डात नको. आणि दुसरा, चेहरा. "पेशंट तुमच्या चेहऱ्यावर स्वतःचा रिपोर्ट वाचत असतो. तिथे काही लिहिलेलं दिसता कामा नये. रडायचं असेल त्यांनी चादरींच्या खोलीत जाऊन रडावं, तोंड धुवावं आणि परत यावं."

सुरुवातीचे महिने उमेदवारीचे. तेवढ्यात नाव खराब झालं नाही तर डोक्यावर पांढरी टोपी, आणि टोपी आली की शिक्षण पक्कं. नाही आली तर ट्रंक उचलून घरी. माझं घर म्हणजे वरळीच्या बीडीडी चाळीतली एक खोली. घरी परत गेले असते तर माझ्यासाठी मामाचा मुलगा तयार होता. स्वभावाने गरीब, गिरणीत कायम, आणि तोंडात तंबाखूही कायम. त्यामुळे मला ती टोपी हवी होती. इतकी हवी होती की रात्री स्वप्नात मी टोपी घालून भाजी घ्यायला जात असे.

आता माझ्या वडिलांची ओळख करून द्यायला हवी. बाबा पोटासाठी गिरणीच्या साचेखात्यात कामाला होते, म्हणजे दिवसभर मागावर उभे. पण जन्म त्यांचा नटाचा. चाळींच्या मधल्या मोकळ्या जागेत बाकडी जोडून जो रंगमंच व्हायचा, त्यावर त्यांनी राजे केले, सावकार केले आणि एका वर्षी मिशी काढायला नकार देऊन राणीसुद्धा केली, सगळं नाटक पदर तोंडावर धरून. लहानपणी मलाही ते उभी करायचे आणि सांगायचे, "बाय, शेवटच्या रांगेत एक म्हातारी बसलीय. तिला दिसत नाही, ऐकू येत नाही. तू रडतेयस हे तिला कळलं पाहिजे." मी अशी रडायचे की खालच्या मजल्यावरची माणसं वर यायची.

सुट्टीच्या दिवशी घरी गेले की मी मेट्रनबाईंची नक्कल करून सगळे नियम म्हणून दाखवी. शेजारपाजारचे दारात जमत. बाबा मात्र हसत नसत, ते कौतुकाने पाठ करत. पुढे जे घडलं त्याचं मूळ या पाठांतरात आहे.

मला हाडांच्या पुरुष वॉर्डात टाकलं होतं. दोन महिन्यांत मी नियम इतके अंगी बाणवले की वॉर्डसिस्टर, जिला कुणाबद्दल बरं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं, ती म्हणाली, "ही बरी आहे. हिला काही होत नाही." मला खूप आनंद झाला असणार, पण आठवत नाही. त्या दिवसांतलं मला फारसं काही वाटलेलं आठवत नाही. एक म्हातारा माझ्या हातावर गेला. मी वेळ लिहिली, त्याच्या हनुवटीला पट्टी बांधली, चादर ओढली आणि जेवायला गेले. आमटी अळणी होती, हे मात्र आठवतं.

एका दुपारी स्ट्रेचर आलं. त्यावर बाबा.

लालबागला मोर्चात गेले होते. अश्रुधूर सुटला, लोक पळाले, बाबांनी हातगाडीवरून उडी मारली. उडी राजाची होती, वय साचेवाल्याचं. मांडीचं हाड मोडलं. पोलिसांच्या भीतीने दाखल करून घेणाऱ्याला त्यांनी सांगितलं, चाळीच्या जिन्यावरून पडलो. म्हणजे एक भूमिका त्यांनी दारातच घेतली होती.

मी पुढे झाले. मला आधी दिसलं ते असं की स्ट्रेचरवरची चादर एका बाजूने लोंबते आहे. मी ती आत खोचली. मग चेहरा बघितला. मनगट धरून नाडी मोजली आणि आकडा लिहिला.

वॉर्डसिस्टरने कागदावरचं आडनाव वाचलं, माझ्याकडे बघितलं. "तुझ्या नात्यातला आहे का कुणी?"

आमचं आडनाव गिरणगावात पायलीचे पन्नास. तरी मी "हो" म्हणणारच होते. नियमच होता तसा. त्यात वाईट काही नव्हतं, मला फक्त शेजारच्या वॉर्डात पाठवलं असतं. पण बाबांनी नियम अर्धाच पाठ केला होता. नात्यातला माणूस आला की मुलीचं काहीतरी बिनसतं, एवढंच त्यांच्या लक्षात होतं. त्या वेदनेतही ते कोपरावर उठले आणि म्हणाले, "नाही हो सिस्टर. कोण ही? मी हिला आयुष्यात बघितलेली नाही."

शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही ऐकू गेलं असतं. त्यानंतर मी काय बोलणार. बोलले असते तर ते खोटे ठरले असते, आणि जिन्याचं खोटंही उघडं पडलं असतं. मी पलंगाच्या पायथ्याखाली लाकडी ठोकळे सरकवले.

मांडीचं हाड तेव्हा असं बांधत: पायाला दोरी, दोरी पलंगाच्या कप्पीवरून खाली, आणि खाली वजनं लोंबकळत. वजन जमिनीला टेकता कामा नये. असं कित्येक आठवडे उताणं पडायचं. पाठ सोलू नये म्हणून आम्ही मुली दिवसातून अनेकदा पाठीला स्पिरिट चोळायचो, वर पावडर. बाबांची पाठ माझ्याकडे आली. लहानपणी मी ज्या पाठीवर बसून सगळी चाळ फिरले, ती पाठ मी रोज चोळत होते, आणि माझ्या हातांना ती अठराव्या पलंगाची पाठ होती. कुठे लाल झालंय ते हात बघायचे. बाबा डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, भूमिकेत शिरले आहेत.

खरी मजा संध्याकाळी भेटायच्या वेळेला. आई डबा घेऊन आली तेव्हा बाबांनी तिला उशीजवळ वाकायला लावून सगळं कथानक सांगितलं. आई नाटकाच्या विरुद्ध होती, नेहमीच. ती म्हणाली, "किती दिवस चालणार हे?"

"टोपी मिळेपर्यंत."

"आणि मी कोण?"

"तू माझी बायको. तेवढं खरंच ठेव."

आईचा अभिनय म्हणजे काय सांगू. माझ्याकडे बघायचं नाही म्हणून ती छताकडे बघत बोलायची. "सिस्टर, तुमचं जेवण झालं का? वाळलात हो अगदी." शेजारचा पेशंट म्हणाला, "मावशी, छताला काय विचारताय?" एकदा तिने जवळ्याची चटणी पानात बांधून माझ्या औषधाच्या ट्रेमध्ये ठेवली. मी ती उचलून परत तिच्या हातात दिली आणि नियमाप्रमाणे म्हणाले, "आम्हाला पेशंटच्या माणसांकडून काही घेता येत नाही." आईचा चेहरा पडला. तो अभिनय नव्हता. मी ट्रे घेऊन पुढच्या पलंगाकडे गेले.

टोपी द्यायचा दिवस जवळ आला. त्याआधी मेट्रनबाईंची फेरी असायची. प्रत्येक पलंगाशी थांबून त्या विचारत, "काही तक्रार?" आणि प्रत्येक पेशंट म्हणे, "नाही बाई." मुंबईच्या प्रश्नावर भांडणारे गिरणीकामगारसुद्धा बाईंपुढे म्हणत, "नाही बाई." बाई आमच्या पलंगाशी आल्या.

"काही तक्रार?"

बाबांच्या लक्षात आलं, सगळा वॉर्ड ऐकतो आहे. अनोळखी माणूस म्हणून इतके दिवस काढले, आता कुणाला संशय येऊ नये म्हणून या मुलीची तरफदारी तर करायची नाहीच, उलट थोडं तुटक बोलायचं, असं त्यांनी ठरवलं असावं. घसा खाकरला.

"तक्रार म्हणजे तशी नाही. ही मुलगी पाणी देते, पाठ चोळते, सगळं वेळेवर. पण मी माणूस आहे की कपाट, हे काही तिला कळलेलं नाही. माझ्याकडे बघते तेव्हा माझ्या मागची भिंत बघते. काल मी विचारलं, पाय कधी सुटणार. म्हणाली, डॉक्टर सांगतील. परवा विचारलं, डॉक्टर सांगतील. बाई, माझ्या घरी पोपट होता, तो तीन वाक्यं बोलायचा."

वॉर्ड हसला. टाळी द्यायला हात मोकळे असते तर टाळ्याही पडल्या असत्या. बाई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "ऑफिसात ये."

ऑफिसात त्यांनी साधं सांगितलं. उमेदवारीत पेशंटची तक्रार आली की त्या तुकडीबरोबर टोपी नाही. पुढे बघू. मी म्हटलं, "हो बाई." त्या थांबल्या. मी काही सांगेन, निदान डोळे भरतील, अशी त्यांची अपेक्षा असावी.

"तुला काही वाटलं नाही?"

"काय वाटायला हवं, बाई?"

मी खरंच विचारलं होतं. त्यांना तो उद्धटपणा वाटला.

वॉर्डात आले, बाबांना गज धरून पाठ उचलायला सांगितली आणि ती चोळताना त्यांनाच ऐकू जाईल इतपत म्हणाले, "टोपी गेली." त्यांचा हात पलंगाच्या गजावर घट्ट झाला. एवढ्यावर त्यांनी गप्प बसायचं की नाही? पण नटाला पडदा पडू देणं जमत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी हट्ट करून मेट्रनबाईंना पलंगाशी बोलावून घेतलं आणि माझी स्तुती सुरू केली. मी साक्षात देवी आहे म्हणाले. आमच्या घरातले देव नुकतेच गेले होते, भिंतीवर बुद्धाचा फोटो लागला होता, पण ऐनवेळी त्यांना दुसरा शब्द सुचला नसावा. काल आपल्याला ताप होता, तापात माणूस काहीही बोलतो, असंही म्हणाले. बाईंनी पायथ्याचा तक्ता उचलला. तक्त्यावर ताप नव्हता. तो मीच लिहिलेला, अगदी बरोबर.

बाई माझ्याकडे वळल्या. "तू याच्याशी बोललीस?"

"हो."

पेशंटला गळ घालून तक्रार मागे घ्यायला लावणं. आधीची चूक उमेदवारी लांबवण्याइतकी होती, ही ट्रंक उचलण्याइतकी. बाईंनी आवाजही चढवला नाही. "उद्या तुझ्या वडिलांना घेऊन ये. त्यांच्या हवाली करते तुला."

आता बघा. वडील माझ्यापासून हातभर अंतरावर टांगलेले. मला हसू यायला हवं होतं. आज हे सांगताना मी हसते, ऐकणारे तर खुर्चीवरून पडतात. तेव्हा मी "हो बाई" म्हटलं आणि पाण्याचे तांबे भरायला गेले. तांबे भरताना मनात एकच होतं, मामाच्या मुलाला तंबाखू सोडायला लावता येईल का. तेही कुणा दुसरीच्या संसाराबद्दल विचार करावा तसं.

दुसऱ्या दिवशी आई आली. धुतलेलं लुगडं, डोक्यावरून पदर. मी तिच्या मागे उभी. बाई म्हणाल्या, "वडील का नाही आले?"

"आलेत की," आई म्हणाली. "महिना होत आला. तुमच्याच वॉर्डात टांगलेत."

बाईंनी चष्मा काढला.

"तो?"

"तोच. बाई, मी काही शिकलेली नाही. पण तो बाप आणि ही लेक, दोघंही नाटकी. तो बोलून नाटक करतो, ही न बोलता. मला दोघांचा कंटाळा आलाय. हिला ठेवायची तर ठेवा, न्यायची तर नेते. पण वडिलांना आणा म्हणाल तर मला ते वजनासकट आणावे लागतील."

बाईंनी चष्मा पुसून परत घातला. मग त्यांनी निकाल दिला आणि तो, आजही म्हणते, चोख होता. मला त्याच दिवशी लहान मुलांच्या वॉर्डात हलवलं. उमेदवारी पुन्हा पहिल्यापासून. आणि वडिलांना भेटायचं तर युनिफॉर्म उतरवून, साधी साडी नेसून, भेटायच्या वेळेत, इतर नातेवाइकांसारखं रांगेतून जायचं. त्यांच्या पलंगाला हात लावायचा नाही.

माझ्या तुकडीला टोप्या मिळाल्या त्या संध्याकाळी मी साडी नेसून रांगेत उभी होते. बाबांची पाठ आता माझी खोलीतली मैत्रीण चोळत होती, फणसवाडीची. ती त्यांना "काका" म्हणायची आणि त्यांच्या नकलांना हसायची. मी पलंगाशी गेले. नातेवाइकाने काय करायचं असतं, ते मला सुचेना. चादर सुरकुतली होती, हात पुढे गेला, मी तो मागे घेतला.

"बस ना, बाय," बाबा म्हणाले. किती दिवसांनी तो शब्द. "आता कुठला नियम आड येतोय?"

स्टूल ओढून बसले. वजन जमिनीला टेकत नाही ना, ते बघितलं.

"अगं, मी इकडे आहे."

मी त्यांच्याकडे बघितलं. दाढी वाढली होती. "बाबा, तुम्ही बाईंना सांगितलंत ते. भिंतीचं, कपाटाचं. ते नाटकातलं होतं ना?"

"सुरुवात नाटकात केली," ते म्हणाले. "मग बोलता बोलता खरं व्हायला लागलं. तू बघितलंच नाहीस माझ्याकडे."

"बघितलं असतं तर तिथेच रडत बसले असते."

"मग बसायचंस."

"टोपी?"

घंटा झाली. नातेवाइकांनी बाहेर जायचं होतं, मी गेले.

बाबा घरी गेले. एक पाय थोडा आखूड राहिला. लहान मुलांच्या वॉर्डात मला एकही तक्रार आली नाही, आणि नव्याने उमेदवारी पुरी झाल्यावर मेट्रनबाईंनी मला ऑफिसात बोलावून टोपी घातली. तुकडीचा होतो तसा समारंभ नाही: ना मेणबत्त्या, ना ओळी, ना चहा. त्यांच्या तोंडात पिना होत्या म्हणून काही बोलल्याही नाहीत. पिना संपल्यावर म्हणाल्या, "बाहेर घालून फिरायची नाही. अर्धी सुट्टी घे, घरी दाखवून ये."

मी टोपी कागदात गुंडाळून वरळीला नेली. बाबा खाटेवर, पाय लांब करून. आई स्टोव्हशी. आरशात बघून मी टोपी घातली. शेजारच्या बायका दारात आल्या, बोट लावून बघून गेल्या. बाबांनी मान तिरकी करून टोपी नीट बघितली. मग म्हणाले, "आता पक्की नर्स झालीस ना? मग हा पाय बघ जरा. संध्याकाळी जड होतो."

मी खाटेशी वाकले. नडगीवर अंगठा दाबला, उचलला. खळगा तसाच राहिला, सावकाश भरत आला. दुसऱ्या पायावरही तसाच. त्याचा अर्थ मला माहीत होता, दुखणं पायापुरतं नव्हतं, हृदयाचं नाहीतर मूत्रपिंडाचं होतं.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. नुसते बघत होते, कुठलीही भूमिका न घेता.

"थोडी सूज आहे," मी म्हटलं. "पाय उशीवर ठेवा. मीठ कमी करा. उद्या डॉक्टरांना दाखवू."

"ही काय सांगत नाही," बाबा आईला म्हणाले. "तू बघ गं. दिसतंय का काही हिच्या तोंडावर?"

आई स्टोव्ह सोडून आली. पदराला हात पुसले, माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि मी लहान असताना घसा बघायची तशी बघितलं, अगदी नीट.

"नाही," ती म्हणाली. "काही नाही दिसत." आणि चहा उतू जाईल म्हणून परत फिरली.